सवयी सोडवणारे भोईरकाका

तंबाखू सोडायची ठरवल्यावर भोईरकाकांनी डबी फेकली नाही. ते राहतात पहिल्या मजल्यावर. डबी नेऊन ठेवली सातव्या मजल्याच्या वर, गच्चीत. लिफ्टने जायचं नाही, ही स्वतःलाच घातलेली अट.

"तलफ आली का चढाचा! अर्धी तलफ जिन्यातच बसते," ते सांगत. तीन महिन्यांत तंबाखू सुटली. गुडघे मात्र धरले.

पालेगावातली आमची इमारत काकांच्याच जमिनीवर उभी आहे. त्यामुळे इथल्या भाडेकरूंच्या सवयीही आपल्याच मालकीच्या, असं त्यांना वाटतं. मी जेवताना मोबाइल बघतो, हे कळल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"मास्तर, सवय नुसती काढली तर भोक पडतं. तिथं दुसरा कायतरी ठेवा."

आठवडाभर त्यांच्या सुनेच्या हातचे काटेरी मासे आमच्याकडे येत राहिले. काटे काढताना दोन्ही डोळे ताटात! मोबाइल राहिला बाजूला.

गेल्या वर्षी काकींना विसरायला होऊ लागलं. चार वाजले की त्या बादली घेऊन खाली उतरायच्या, म्हैस पिळायला. गोठ्याच्या जागी आता पार्किंग. गाड्यांमध्ये उभ्या राहून त्या म्हशीला हाका मारायच्या.

सून म्हणाली, "दाराला कडी लावू या."

"कडी कशाला? सवय हाय, काढतो मी," काका म्हणाले.

त्यांनी बादली लपवली. काकी पातेलं घेऊन निघाल्या. घड्याळ मागे केलं. काकींनी खिडकीतून ऊन पाहिलं. शेवटी काकांनी खरं ते सांगून टाकलं, "म्हस इकली गो आपून. धा वर्सं झाली."

काकी तिथंच जमिनीवर बसल्या आणि हमसून रडल्या. जणू म्हैस त्याच दुपारी गेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पाहिलं, तर पार्किंगमध्ये दोन स्टुलं. दोघं शेजारी बसलेले, समोर बादली.

"आज लांब चराला गेलीय," काका सांगत होते.

"दमली असंल," काकी म्हणाल्या.

"असंल."

अर्ध्या तासाने काकी आपणहून उठल्या. न रडता. काकांनी एका हातात बादली घेतली, दुसऱ्याने त्यांचा हात धरला. जिन्यात मी हळूच विचारलं, "काका, ही सवय नाही सुटायची?"

"तिची नाय सुटाची, मास्तर," काकींना पायरी दाखवत ते म्हणाले. "मना दुपारचा झोपाची सवय होती. ती सोरली."