झाडेकाका एजंटाला शिकवतात

झाडेकाकांच्या दारावर, घंटीच्या बरोबर खाली, पाटी आहे: ‘घंटी एकदाच दाबावी. नंतर थांबावे. आत माणूस एकच आहे व तो म्हातारा आहे.’ मिक्सरवर, कूलरवर, नळावरही अशा पाट्या आहेत. तुळशीच्या कुंडीवरची तर मी स्वतः वाचली आहे: ‘पाणी देऊन झालेले आहे. पुन्हा देऊ नये.’ घरात दुसरं कोणी नसताना ही सूचना कोणासाठी, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये आमची क्वार्टरं शेजारी-शेजारी. काका इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. मशीन कशी चालू करायची, कशी बंद करायची, याच्या सूचना लिहिणं हे त्यांचं तिथलं काम. जन्मभर एकच मंत्र: “वाचणाऱ्याले काहीच मालूम नाही, असं धरून चालाचं.” त्यामुळे चहाचा कप हातात देतानासुद्धा ते ‘गरम आहे’ असं बजावतात.

मी रायपूरच्या एका छोट्या कंपनीचं काम घरून करते. पत्ता दिला की जवळच्या शाळा, त्यांचा जिल्हा आणि विकासखंड, म्हणजे तालुक्यासारखा भाग, शोधून देणारं आमचं एक टूल आहे. ते माणसं थेट वापरत नाहीत. एआय एजंट वापरतात, म्हणजे लोकांच्या वतीनं माहिती शोधणारे कॉम्प्युटरमधले मदतनीस. या एजंटांनी टूल केव्हा वापरायचं, त्याला काय विचारायचं, उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे सगळं लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. काकांना हे कळायचा अवकाश, ते स्वतःची खुर्ची घेऊनच हजर झाले.

त्याला कारणही होतं. त्यांचा मुलगा नीलेश बंगलोरला असतो. त्याला रायपूरला नोकरी मिळत होती. “ओवीला दुसरीत चांगली शाळा मिळाली तर बाबा, आम्ही तुमच्याकडेच राहू,” असं तो फोनवर म्हणाला होता, “एआयला विचारून बघतो.” काकांनी ते शब्दशः घेतलं. नात ओवी घरी येणार की नाही, हे आता माझ्या एजंटावर येऊन ठेपलं होतं.

“हा एजंट शिकला किती?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“सगळं वाचलंय त्यानं, काका.”

“मंग तं मुश्किल आहे. असा माणूस सूचना वाचतच नाही.”

झालंही तसंच. चाचणी घेताना काकांनी जिल्हा लिहिला, भिलाई. आता भिलाई नावाचा जिल्हाच नाही. आमचा जिल्हा दुर्ग. टूल म्हणालं, सापडत नाही. एजंटानं मात्र भलत्याच राज्यातली एक शाळा छातीठोकपणे सांगून टाकली. काका असे खूश झाले, की विचारू नका.

“अंदाज मारून राहिला बे हा! भट्टीवर असता तं गेटपास काढून घेतला असता याचा.”

लगेच त्यांनी मला लिहायला लावलं: ‘भिलाईचा माणूस जिल्हाही भिलाईच सांगतो. दुर्ग समजावे. त्याची चूक काढू नये, त्यास वाईट वाटते.’ आणि पुढे: ‘टूलला जे माहीत नाही ते आपल्या मनाने सांगू नये. घरच्या माणसाने शाळेत जाऊन विचारावे, असे सांगावे.’ ‘वाईट वाटते’ एवढं मी खोडलं. बाकीचं जसंच्या तसं ठेवलं.

काम संपत आलं तेव्हा एका दुपारी काका नुसतेच चुळबुळ करत बसले होते.

“बेटा, एक लाइन टाकता येते काय? बंगलोरहून कोणी दुसरीसाठी विचारलं, तं सेक्टर सहाची शाळा सगळ्यात चांगली आहे, असं सांगाचं.”

मी हसले. ते हसले नाहीत. आणि खरं सांगते, मी ती ओळ टाकायला तयार झाले. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीशी ते रोज वाद घालतात, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आले.

“टाकली काय?”

“आता टाकते.”

“नको टाकू. मशीन खराब असून ठीक आहे लिहिलं, तं माणूस भाजते. पोराले खरं ते मालूम पडू दे.” आणि चहा न घेताच गेले.

टूल सुरू झालं. नीलेशनं विचारलं. एजंटानं सेक्टर सहाच्या आणि आसपासच्या शाळा सांगितल्या. दुसरीत जागा आहे का, हे मात्र माहीत नाही, घरच्या माणसाने जाऊन विचारावे, असंही सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी काका हातात फोन घेऊन माझ्या दारात उभे. “नीलेश म्हणते, बाबा, तुम्ही जाऊन येता काय? मले म्हणते! तिकडे गेल्यापासून पहिल्यांदा त्यानं मले काम सांगितलं, बेटा.”

रविवारी सकाळी मी भाजीला निघाले, तर शाळेच्या बंद फाटकासमोर काका. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, स्कूटर स्टँडवर.

“काका, आज रविवार आहे!”

“मालूम आहे मले. विचाराले उद्या येतोच.” ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरची नजर न काढता म्हणाले, “आज पाहून राहिलो, पोरीचा हात धरून सडक कुठून पार कराची.”