पिवळ्या तारेची आवृत्ती

सातवा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर जागा उरली नव्हती, म्हणून तपासनिसांनी तो वॉशिंग मशीनवर ठेवला. कपडे कधी धुवायचे, असं सुनेनं विचारलं. हवी तशी तिसरी आवृत्ती सापडली की, असं उत्तर मिळालं.

चाळीस वर्षांपूर्वी हे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. टीव्हीला जोडायचे, कीबोर्डातच सगळं मावलेले कॉम्प्युटर. तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर एक जोडणी छापायचीच राहून गेली होती. नवे बोर्ड येईपर्यंत पाच आठवडे बारा बायकांनी तिथे हातानं पिवळी तार सोल्डर केली. चौथ्या खुर्चीवरून येणारा सोल्डरचा थेंब टाचणीच्या डोक्याएवढा, गोल, चकचकीत असायचा. त्या हातावर भाळून तपासनिसांनी मागणी घातली होती. आता तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. भिंतीवर फोटो होता, पण त्यांना तिच्या हातचं काहीतरी हवं होतं.

काम सोपं वाटलं होतं, कारण आवृत्तीचा आकडा झाकणावरच्या स्टिकरवर असतो. पहिल्याच्या झाकणावर तीन होतं, आत बोर्ड दुसऱ्या आवृत्तीचा. मग आठवलं, की घाईच्या दिवसांत हाताला येईल ते झाकण बसवत आणि तशी परवानगी त्यांनीच सही करून दिली होती. म्हणजे उघडून बघणं आलं, आणि उघडायला विकत घेणं आलं. चौथ्या आणि सहाव्या कॉम्प्युटरात पिवळी तार निघाली, पण थेंब ओबडधोबड. जुनी खोड जाईना. दोन्ही ठिकाणचं सोल्डर काढून त्यांनी नीट डाग दिला.

सातव्याचं झाकण निघालं. तोच थेंब. त्यांनी मेहुणीला बोलावून घेतलं. ती तेव्हा तिसऱ्या खुर्चीवर असायची. तिनं चष्मा चढवला आणि वाकून पाहिलं.

"हा माझा आहे, भाऊजी."

"तुझा कसा? चौथ्या खुर्चीचे बोर्ड मीच पास करायचो."

"ताईला कुठं जमायचं ते. पहिले दोन दिवस केले तिनं, नुसते गोळे. तुम्ही रजेवर होतात म्हणून खपून गेले. मग तिच्या वाटणीचे मीच करून तिच्या ट्रेमध्ये ठेवायचे. लग्न ठरल्यावर सांगणार कोणत्या तोंडानं?"

तपासनिसांनी टेबलावरच्या चौथ्याकडे पाहिलं, मग सहाव्याकडे. दोन्ही नीट केलेले, अगदी नियमाबरहुकूम.

"मग दिवसभर ती करायची काय?"

"तुमच्या टेबलाकडे बघत बसायची."

"आणि मी?"

"तुम्ही?" मेहुणीनं चष्मा उतरवून पुसला. "तुम्ही मान खाली घालून माझे थेंब बघत असायचात."