हळदीला बंद खोका

आवाज : शून्य

"डीजेवाल्याला नको म्हणून कळवलंय," अल्पेश म्हात्रे जेवता जेवता सहज बोलून गेला आणि आईच्या हातातली आमटीची पळी हवेतच थांबली.

हेंद्रेपाड्यातल्या त्या आगरी घरात अस्मिताची, म्हणजे अल्पेशच्या धाकट्या बहिणीची, हळद तोंडावर आली होती. हळदीला नवरी थोडी उशिरा आली तर चालतं. डीजे उशिरा आला तर भावकी घरी जाते.

"मग वाजणार काय, ताट?" आईने विचारलं.

"मी स्पीकर बनवतोय."

"तू?" आई, अस्मिता आणि अल्पेशची बायको किर्ती एका सुरात म्हणाल्या. अविश्वास दाखवायला त्या तिघींना कधी सराव लागत नसे.

त्यांचंही चूक नव्हतं. अल्पेश अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होता. इतरांनी बनवलेली वस्तू उजेडात धरायची, डोळे बारीक करायचे आणि नाकारायची, हा त्याचा पेशा. स्वतः त्याने अजून काही बनवलं नव्हतं. त्यामुळे आपण जे बनवू ते उत्तमच होईल याबद्दल त्याच्या मनात शंका यायला जागा नव्हती.

"डीजे म्हणजे आवाज नसतो, मारहाण असते," तो म्हणाला. "माझ्या स्पीकरवर बासरीवाल्याने घेतलेला श्वास ऐकू येईल."

"श्वास ऐकायला दवाखान्यात जातात," अस्मिता म्हणाली. "दादा, माझी हळद एकदाच आहे. त्या दिवशी फजिती झाली ना, तर मला सासरीसुद्धा जन्मभर तेच ऐकवतील. तुला नाही, मला."

अल्पेशने तिला शब्द दिला. शब्द देताना त्याच्याकडे प्लायवूडचा एक तुकडाही नव्हता.


आवाज : एक

आता वाचकाला वाटेल की खोका म्हणजे खोका, त्यात निवडायचं काय. अल्पेशलाही पूर्वी तसंच वाटायचं. मग तो इंटरनेटवर स्पीकर बनवणाऱ्यांच्या एका मंडळात शिरला. तिथे दोन पंथ होते. एक बंद खोक्याचा, दुसरा भोकाच्या खोक्याचा. भोकवाले म्हणत, भोक असलं की ढोल दमदार वाजतो. बंदवाले म्हणत, दम हवा असेल तर बैल पाळा, आम्हाला शुद्धता हवी. दोन्ही पंथ एकमेकांना बहिरे समजत आणि दिवसभर एकमेकांशी बोलत.

अल्पेशने बंद खोका निवडला. शुद्धता हा शब्द त्याला कारखान्यापासूनच आवडायचा.

प्लाय आणायला तो उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या सिंधी दुकानदार धर्मेशभाईकडे गेला. धर्मेशभाईने माप वाचलं.

"मंदिर बनाना है?"

"नाही हो, स्पीकर."

"इतना सा? बच्चे के लिये?"

"हळदीसाठी."

धर्मेशभाईने चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "साईं, तुम्हारे लोगों की हळदी का आवाज इधर कॅम्प में आता है. इस डब्बे का आवाज डब्बे के बाहर आयेगा क्या?" तरी त्याने प्लाय कापून दिला. वर गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून म्हणाला, "नहीं जमा तो मूर्ती बिठा देना."

घरी खोका चिकटवताना दाबून धरायला शिकंजे नव्हते, म्हणून अल्पेशने पाटा, वरवंटा आणि तांदळाची गोणी वर ठेवली. आत भरायला कापूस हवा होता, म्हणून पाहुण्यांसाठी काढून ठेवलेली एक उशी गायब झाली. हवा कुठून सुटते का ते बघायला तो पेटती उदबत्ती सांध्यासांध्यावरून फिरवत बसला, तेव्हा आईने मागून येऊन खोक्याला हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले. मुलाला कशाची तरी भक्ती लागली, एवढ्यावर ती समाधानी होती.

चंदूकाका, अल्पेशच्या वडिलांचे धाकटे भाऊ, खोका बघायला म्हणून आले.

"यो नमुना झाला. मोठा कुठं हाय?"

"हाच आहे, काका."

चंदूकाका खुर्चीत टेकले. "आमच्या पोराच्या हळदीला शोकेसमधला कप तडकला व्हता. अजून ठेवलाय. पावणे आले की दाखवतो." मग अस्मिताच्या आईकडे वळून हळू म्हणाले, "वहिनी, पोरीच्या हळदीला घरात एक तरी कप फुटाया पायजे."


आवाज : दोन

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. अस्मिता पाटावर बसली, बायका हळद लावायला पुढे झाल्या आणि अल्पेशने गाणं लावलं.

खरं सांगायचं तर खोका सुंदर वाजला. बासरीवाल्याचा श्वास ऐकू आला. तबल्यावरचं बोट वेगळं, तळवा वेगळा कळला. अल्पेशचे डोळे भरून आले. त्या डबडबलेल्या डोळ्यांमुळे पुढे काय होणार ते त्याला दिसलं नाही.

झालं ते असं. ही भावकी गेली कित्येक वर्षं हळदीत एकमेकांशी बोलताना कानाला तोंड लावून, नरड्याच्या शिरा ताणून ओरडायचं, एवढंच शिकली होती. डीजेपुढे तेवढं केलं तर शेजारच्याला जेमतेम पोचायचं आणि तिसऱ्याला काही कळायचं नाही. आज डीजे नव्हता. सवय मात्र होती.

"यी साडी बघ," जनूआत्या, अल्पेशच्या वडिलांची बहीण, शेजारणीच्या कानात गरजल्या. "वहिनीनं मना आज दिली. मीच तिला दिलती अल्पेशच्या लग्नात. घडीसुदिक मोडली नाय."

सगळा मांडव साडीकडे बघू लागला. बासरी मंद सुरात चालू होती.

दुसऱ्या टोकाला चंदूकाका पाठमोरे बसून एका पाहुण्याला त्याच घोषात सांगत होते, "नवरा पोरगा चांगला हाय. आमच्या चिमीलाच सांगून आलता. मीच नाय बोललो."

"तू नाय बोललास?" जनूआत्या मांडवाच्या अलीकडून म्हणाल्या. "त्यांनीच नकार कळवला, तवा दोन दिस जेवला नव्हतास."

चंदूकाकांची मुलगी चिमी भज्यांची ताटली घेऊन मधेच उभी राहिली. आता तिने नेमकं कोणाकडे बघावं हे तिला कळेना.

"चंदूचं केस बघ कशे काळे," एक म्हातारी दुसरीला ओरडून सांगत होती. "घरी गेला का खुंटीला लावतो."

आणि त्या सगळ्यावर ताण म्हणजे खुद्द अल्पेशची आई, मांडवाच्या खांबाशी, उष्टी हळद घेऊन आलेल्या विहिणीच्या कानाला लागून, दिलखुलास म्हणाली, "खोका बरा झालाय. लग्न उरकलं का त्यात कांदे ठेवीन."

विहीण हसली नाही; आपलंही बोलणं सगळ्यांनी ऐकलं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिने मघाशी, याच उंच स्वरात, नवरीचे दात थोडे पुढे असल्याचं आपल्या जावेला सांगितलं होतं आणि ते पाटावर बसलेल्या अस्मितापर्यंत व्यवस्थित पोचलं होतं.

चंदूकाकांनी केसांचा टोप चाचपून घट्ट बसवला आणि ते चपला शोधायला लागले. विहीण पदर खोचून उठली. जनूआत्या साडी परत द्यायला निघाल्या. अस्मिताच्या गालावरच्या हळदीतून पाण्याचा एक ओघळ उतरला.

"दादा," ती दबक्या आवाजात म्हणाली, आणि पूर्ण मांडवात हळू बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं, "कायतरी कर. आवाज कर."

अल्पेशने आवाज वाढवला. बासरी आणखी स्वच्छ झाली. चंदूकाकांना दुसरी चप्पलही सापडली.


आवाज : फुल

एखाद्या कलावंताने आपली कृती स्वतःच मोडावी हा प्रसंग गंभीर साहित्यात फार मानाचा असतो. इथे तो स्क्रू ड्रायव्हरने घडला. अल्पेशने खोका उलटा केला, मागची फळी अर्धी सोडवली आणि आतली उशी मूठमूठ बाहेर काढली. किर्तीने प्रश्न न विचारता स्वयंपाकघरातून स्टीलच्या वाट्यांची चळत आणून खोक्यावर ठेवली. संसारात तिने पहिल्यांदाच त्याच्या स्पीकरमध्ये भाग घेतला होता. त्याने मोबाईलवर हळदीचं सगळ्यात उडतं गाणं लावलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

फळी फडफडली. स्क्रू खणखणले. वाट्या नाचत नाचत जमिनीवर पडल्या. गाण्यातला एकही शब्द कळेना, आणि मुख्य म्हणजे माणसांचाही कळेना. विहीण काहीतरी तावातावाने बोलत होती. अल्पेशच्या आईने मान डोलावली, हसली आणि तिला हळद फासली.

चंदूकाकांनी चपला फेकल्या. "आता झाला स्पीकर," ते बहुतेक म्हणाले. मग टोप सांभाळत त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जनूआत्यांचा हात धरून नाचायला लागले.

अस्मिता पाटावरून अल्पेशकडे बघून हसली. दात दाखवून.


आवाज : कानाशी

लग्न पार पडलं. मग अल्पेशकडे माणसं येऊ लागली. एकाच्या घरी बारसं होतं, एकाकडे साखरपुडा. प्रत्येकाला तसाच खोका हवा होता, जसा शेवटी वाजला तसा. अल्पेशने आधी नकार दिला. मग क्वालिटी खात्याचा माणूस त्याच्यात जागा झाला. फळी नेमकी किती सैल ठेवली की कोणत्या सुराला फडफडते, याचा त्याने अभ्यास केला. कमी खडखडणारा खोका तो उजेडात धरून नाकारू लागला. इंटरनेटवरच्या मंडळात त्याने आपले निष्कर्ष टाकले, तेव्हा दोन्ही पंथांनी प्रथमच एकमताने त्याला काढून टाकलं.

धर्मेशभाई आता माप न विचारता प्लाय कापायचा. "वो आवाजवाला ना?" एवढंच म्हणायचा.

एका दुपारी जनूआत्या आल्या. अंगावर तीच साडी. पाणी प्यायल्या, दार लोटलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"मना बी एक खोका पायजे."

"देतो की आत्या. खडखड जास्त की मध्यम?"

"खडखड नको." त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "पयला वाजत व्हता ना, साफ, तसा."

अल्पेशला गहिवरून आलं. अख्ख्या भावकीत एका तरी माणसाला शुद्ध आवाजाची पारख होती. "आत्या, तुमच्या घरी मी स्वतः येऊन लावून देतो. भिंतीपासून किती अंतरावर ठेवायचा ते..."

"माज्या घरी कशाला?" आत्या म्हणाल्या. "चिमीचं जमलंय. चंदूच्या दारात हळद हाय. आहेर द्यायचाय."