गप्पी माशांचा अपवाद

नियमाचा मसुदा कसा लिहावा, हे आमच्या नगरपालिकेत एकट्या मला कळते. ही बढाई नव्हे. गेल्या बावीस वर्षांत माझ्या मसुद्यात एकाही वकिलाला सुई शिरेल एवढी फट सापडलेली नाही! म्हणूनच डासांविरुद्धच्या नियमाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला डासांची जवळजवळ दयाच आली.

वास्तविक दया यावी असे त्यांनी काही केले नव्हते. मागच्या वर्षी निम्मे शहर तापाने अंथरुणाला खिळले होते. आमची सौभाग्यवतीच अठरा दिवस पडून होती, आणि ते अठरा दिवस माझ्या हातचे खाऊनही ती बरी झाली याचे डॉक्टरांना आजही नवल वाटते. पुन्हा तिला तसे पाहण्याची माझी तयारी नव्हती. नियम प्रयोग म्हणून एक महिना चालणार होता. ताप घटला तर कायम, नाही तर रद्द!

मी लिहिले : “तीन दिवसांहून अधिक काळ पाणी साचलेली कोणतीही वस्तू, मग ती कोणाचीही असो आणि कोणत्याही कारणासाठी ठेवलेली असो, निरीक्षकाने जागच्या जागी रिकामी करावी व चार दिवस कोरडी ठेवावी.”

सौभाग्यवतीने वाचले. “आणि अपवाद?”

“एकही नाही.”

“अहो, एखादा तरी ठेवा.”

“अगं, अपवाद म्हणजे चोरदरवाजा! सगळं शहर त्यातून पळेल.”

“बरं बाई. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा ताप परवडला.”

अंमलबजावणीचे काम ज्या निरीक्षकांकडे होते, त्यांना कचेरीत सगळे ‘शब्दशः’ म्हणतात. “दारात थांबा, कोणालाही आत सोडू नका,” असे आरोग्याधिकारी मॅडमनी त्यांना एकदा सांगितले होते. त्या चहा पिऊन परतल्या, तर त्यांनाच अर्धा तास बाहेर उभे केले!

“सुरुवात आपल्याच इमारतीपासून करा,” मी त्यांना ऐटीत म्हणालो. तेवढे एक वाक्य मी गिळायला हवे होते.

अकरा वाजता मागच्या अंगणातून मॅडमची किंकाळी आली. तिथे खात्याचा हौद आहे. त्यात गप्पी मासे वाढवतात. हे करंगळीच्या पेराएवढे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून ज्याच्याकडे विहीर असेल त्याला ते फुकट देतात. त्या हौदाच्या बुचावर हात ठेवून शब्दशः उभे होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली!

“अहो, हे मासे डास संपवतात!” मॅडम ओरडल्या.

“संपवत असतील मॅडम. पण पाणी चार वर्षांचं आहे. आणि ‘कोणत्याही कारणासाठी’ असं लिहिलंय. साहेबांनीच!”

सगळे माझ्याकडे वळले. आयुष्यात प्रथमच मी स्वतःच्या विरुद्ध बाजूला उभा होतो, आणि माझा मसुदा अभेद्य निघाला!

“हे मासे मेले,” मॅडम म्हणाल्या, “तर महिनाअखेर शहराचा ताप तुम्ही एकट्याने उतरवा!”

हौद कोरडा ठेवायचे ते चार दिवस मासे आमच्या घरी आले. बादल्या, पातेली, कळशी, कुकर, जे भांडे सापडेल ते भरले. त्यात तिसरा दिवस उलटण्याआधी प्रत्येक मासा नव्या भांड्यात हलवणे मला भाग होते, कारण शब्दशः रोज संध्याकाळी घड्याळ घेऊन दारात हजर!

“चहा कशात करू?” सौभाग्यवतीने विचारले.

“त्या लहान पातेल्यात कर.”

“त्यात बाळंतीण आहे!”

पाहतो तो खरेच! एका मासोळीभोवती टाचणीच्या डोक्याएवढी वीस पिल्ले फिरत होती. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लेच देतात, हे मला कोणी सांगितले नव्हते.

सौभाग्यवतीने माझ्या खिशातले पेन काढले आणि मसुद्याच्या समासात लिहिले : “जिवंत गप्पी मासे असलेले पाणी वगळून.” मॅडमनी एका दमात सही केली. मी दोघींना तासभर तावातावाने बजावले, “लोक एकेक मासा पिंपात सोडून मोकळे होतील!”

अगदी तसेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात रांग!

“साहेब, एक मासा द्या हो,” वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. “दुपारी तो निरीक्षक येणार आहे.”

“काकू, ही कायद्याला बगल आहे.”

“असू दे. चारच द्या मग, एखादा दगावला तर?”

ज्यांनी दहा वर्षांत पिंपावर झाकण ठेवले नव्हते, ते पेल्यातून मासे सांभाळून नेत होते. खुद्द माझ्या घरातून माझ्या नियमाची राजरोस पायमल्ली चालली होती, आणि वाटप मी करत होतो!

महिनाअखेर आकडे आले. ताप मागच्या वर्षाच्या पावपट. शहरातल्या अळ्या माशांनी फस्त केल्या होत्या. नियम कायम झाला आणि भर सभेत मॅडमनी “अपवादामागील दूरदृष्टी”बद्दल माझे अभिनंदन केले. मी खंडन करायला उभा राहिलो, पण टाळ्यांच्या कडकडाटात निमूटपणे बसावे लागले.

परवा शब्दशः आमच्या दारात आले.

“साहेब, तुमच्या पिंपातलं पाणी चार दिवसांचं दिसतंय.”

“हो, पण अपवाद...”

“मासा दाखवा.”

मी सौभाग्यवतीकडे पाहिले.

“सगळे वाटले यांनी,” ती म्हणाली. “शेवटचा काल काकूंना दिला.”

शब्दशः विजार दुमडू लागले. नळाला पाणी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. म्हणून मी रिकामी बादली घेऊन वरच्या मजल्यावर गेलो आणि काकूंकडे, अत्यंत निःसंदिग्ध शब्दांत, अर्धी बादली पाणी व त्यात एक मासा मागितला.