आवाज दाखय!

आपा केरकरांशी बोलायला लागलं की ते डोळे मिटतात. झोप आली म्हणून नव्हे, ऐकायचं असतं म्हणून. मी बांद्याहून बदली होऊन शिरोड्याच्या शाळेत आलो आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी कुंपणाशी उभा राहून मी नाव, गाव, शिक्षण, कुटुंब असं सगळं सविस्तर सांगत होतो. दोन वाक्यांत गृहस्थाचे डोळे बंद. मी ओशाळून आवरतं घेतलं, तसा मिटल्या डोळ्यांनीच आवाज आला, "थांबलात कित्याक? नाव सांगताना घशातसून बोललात, हुद्दो सांगताना नाकातसून. मराठी शिकवतात मा? परत बोला."

मी अठरा वर्षं मराठी शिकवतो आहे. 'परत बोला' असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ते म्हणायचं काम माझं. मी तडक घरात गेलो आणि बायकोला सांगितलं की शेजार काही धड दिसत नाही.

पुढे कळलं की हा प्रसाद अख्ख्या गावाने घेतला आहे. पोस्टमनला ते पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचायला लावतात. डॉक्टरांनी "काय होतंय?" असं विचारलं की डोळे मिटून म्हणतात, "डॉक्टर, आज घरात भांडान इलात काय?" डॉक्टर गप्प बसतात, कारण बहुतेक वेळा ते भांडून आलेले असतात.

आपांची सत्तरी उलटली आहे. लग्न केलं नाही, घरात एकटेच. तीस वर्षं ते मुंबईत होते, सिनेमाच्या धंद्यात. पण सिनेमात नव्हे, सिनेमाच्या आवाजात. पडद्यावर बाजार भरतो, दंगल होते, लग्नात पाहुणे कुजबुजतात, ते सगळे आवाज मागाहून स्टुडिओत भरतात. पाच-सहा माणसं माईकभोवती उभी राहून अख्खी गर्दी उभी करतात. त्या पाच-सहांत आपा. "तीनशे खेपे मेलंय मी," ते अभिमानाने सांगतात. "गोळीन, सुऱ्यान, डोंगरावरसून पडान. एकदाव थोबाड दिसूक नाय." बुडणाऱ्या माणसाचं ओरडणं हमखास त्यांच्याकडे यायचं, कारण हा समुद्राकडचा माणूस. आपांना पोहता येत नाही, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं.

एकदाच ते पडद्यावर दिसले होते असं गावात बोलतात. तो विषय निघाला की आपा डोळे उघडतात आणि झाडांना पाणी घालायला उठतात. पावसाळ्यातसुद्धा.

हल्ली त्यांच्या अंगणात तरुण मंडळींची वर्दळ असते. ज्याच्या हातात मोबाईल त्याला आपण कलाकार आहोत असं वाटण्याचे हे दिवस. कोणाला सिरियलमध्ये जायचं असतं, कोणाला कार्टूनला आवाज द्यायचा असतो. आपा कोणाला नाही म्हणत नाहीत. पायरीवर बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "आवाज दाखय!"

बांद्याचा एक मुलगा आला होता. केस कपाळावर, अंगात जाकीट, हातात स्वतःच्या फोटोंची जाडजूड वही. वही आपांनी उघडलीच नाही. मुलाने एका बड्या नटाच्या आवाजात दणदणीत संवाद म्हटला. हुबेहूब! मी कुंपणापलीकडून टाळी वाजवणार होतो. आपा म्हणाले, "हो आवाज जेचो आसा तो जिवंत आसा मेल्या. काम आसला तर तेकाच बोलवतले. तुझो खंय आसा?"

मुलगा म्हणाला, "हाच माझो."

"मगे आवशीक हाक मारतंस ती ह्याच आवाजात?"

मुलगा गडबडला. मग आपांनी त्याला ती परीक्षा द्यायला लावली, जी ते प्रत्येकाला द्यायला लावतात. फाटकापर्यंत जायचं, घरातून बाहेर पडतो आहोत असं समजायचं आणि मागे वळून आईला सांगायचं, "येतंय गे आये." बस्स, एवढंच. मी ही परीक्षा शेकडो वेळा ऐकली आहे. आपा डोळे मिटून मान हलवतात, "नाय. परत बोल." लोक कंटाळतात, चिडतात. कोणी ते रडून म्हणतं, कोणी गर्जून. मला तर तो निव्वळ चक्रमपणा वाटायचा, आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

बाकीचा सल्ला मात्र चोख. बांगड्या काढून ये, माईकला आधी त्याच ऐकू येतात. उपाशी जाऊ नको, पोट मध्येच बोलतं. फार जेवूनही जाऊ नको, ढेकर बोलतो. कागद परतायचा नाही, अलगद उचलून बाजूला ठेवायचा. सगळे आवाज काढता येतात असं सांगू नको, एक धड काढून दाखव. "रेकॉर्डिंग करणारो जो कोण आसता, तेचा नाव इचारून घे. हिरो तुका इसरतलो, तो इसरूचो नाय." काम देतो म्हणून जो आधी पैसे मागतो त्याच्याकडे काम नसतं, दुकान असतं. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी सोलकढी बंद. कुणकेश्वरचा एक मुलगा या शेवटच्या अटीवरच परत गेला.

मुंबईला पाठवायचा आवाजाचा नमुना आपांच्या माजघरात तयार होतो. दोरीवर गोधड्या टाकून त्यांनी एक खोपटं केलं आहे, त्यात बसून मोबाईलवर बोलायचं. पण समुद्र हाकेच्या अंतरावर, गोधड्यांना तो कुठे जुमानतो? म्हणून रेकॉर्डिंग फक्त सुकतीला, पाणी मागे हटलं की. गावातले मच्छीमार भरती-सुकती बघून होडी काढतात, आपा मोबाईल काढतात. एकदा सुकती अचूक साधली आणि ऐन वाक्यात दारातला नारळ पडला. आपांनी तो आवाजही जपून ठेवला, "कोणाक तरी लागतलो."

या सगळ्याकडे मी लांबून, थोडा हसतच बघत होतो. दीपाली यात पडली तेव्हा मला पडावं लागलं.

दीपाली माझी विद्यार्थिनी. तिची आई शेवंती बाजारात मासे विकते. ही मुलगी पाचवीत आली तेव्हा 'माका', 'तुका', 'खंय' याशिवाय बोलत नव्हती. मी तिची भाषा घासूनपुसून स्वच्छ केली. दहावीपर्यंत तिने वक्तृत्वाची तीन बक्षिसं आणली, आणि तिचं कौतुक होताना मी शेजारी उभा राहायचो. आता ती पदवीधर झाली होती आणि तिला आवाजाचंच काम करायचं होतं. शेवंतीने तिला या वर्षअखेरपर्यंतची सवड दिली होती. तोवर काही जमलं नाही तर मामाकडून सांगून आलेलं स्थळ बघायचं, असं ठरलं होतं.

अशात आपांच्या एका जुन्या ओळखीच्या रेकॉर्डिंगवाल्याचा निरोप आला. एका कार्टून मालिकेत कोळ्याची मुलगी आहे, तिला आवाज हवा आहे, चार दिवसांत नमुना पाठवा. सोबत एका पानाचा संवाद होता. मुलगी होडीवर निघाली आहे आणि म्हणते, "आई, मी जाते." दीपाली तो कागद घेऊन आधी माझ्याकडे आली, याचा मला अभिमान वाटला. मी एकेक शब्द घोटून घेतला. 'न'चा 'ण' झाला, श्वास कुठे घ्यायचा ते ठरलं. मग आम्ही दोघं आपांकडे गेलो.

आपांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "मास्तरांनू, बरो आसा."

मी सुखावलो.

"पण हो तुमचो आवाज. चेडवाचो खंय?"

दीपालीने मान खाली घातली. मला संताप आला. अठरा वर्षांची मेहनत, आणि हा खोट्या किंकाळ्या मारणारा माणूस मला विचारतो! मी म्हणालो, "आपा, तिला आयुष्यभर मासे विकणारीची मुलगी म्हणून ठेवायचंय का तुम्हाला?" आणि निघून आलो. दोन दिवस मी कुंपणाकडे फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपाच आले. हे कधी घडलेलं नव्हतं. ओसरीवर बसले. मी काहीच बोलत नव्हतो, तरी त्यांनी डोळे मिटले.

"माका एक वाक्य होता," ते म्हणाले. "एकच. त्या सिनेमात."

ते वाक्यही योगायोगाने असंच होतं. मुलगा घर सोडून निघतो आणि म्हणतो, "आई, मी जातो." आपांची आई तेव्हा गावी एकटी असायची आणि मोतीबिंदूने तिला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. हे माईकपुढचं काम नव्हतं, शूटिंग होतं, समोर कॅमेरा. आपा दाराशी गेले, वळले आणि तोंडातून निघालं, "येतंय गे आये." दिग्दर्शक ओरडला. पुन्हा घेतलं. पुन्हा "येतंय." घरातून बाहेर पडताना आईला 'जातो' म्हणायला त्यांची जीभ वळेचना. आठ-दहा वेळा असं झालं, मग वैतागून दिग्दर्शकाने आहे तेच ठेवलं. आपांना वाटलं, जिंकलो. त्यांनी गावी कळवलं, "आये, तुका पडद्यावरसून सांगतंय, येतंय म्हणान. आयक."

"तालुक्याक सिनेमा इलो तेव्हा येष्टीन घेवन गेलंय तिका," आपा म्हणाले. "थोबाड तिका दिसूचा नव्हताच. ती आवाज आयकाक बसली होती. माझो सीन इलो. मी पडद्यावर, पण आवाज भलत्याचो. 'आई, मी जातो.' स्वच्छ. तुमच्यासारखो."

मी खाली बघत होतो.

"सीन गेलो. आवस माका इचारता, बाबू, तू कधी येतलंस? मी म्हटलंय, आता येतंय, आये. सिनेमा संपलो तरी ती बसान रवली. परत येताना येष्टीत म्हणता, जावंदे, कापल्यानी आसतीत. फुडच्या सिनेमात आयकान." आपांनी डोळे उघडले. "फुडचो सिनेमा नाय इलो, मास्तरांनू. त्येच्या आधी तीच गेली."

मला खूप वाईट वाटलं, आणि फाटकाशी उभ्या राहणाऱ्या त्या सगळ्या पोरांना हसल्याची लाज वाटली.

"चूक माझीव होती," ते उठता उठता म्हणाले. "तेंका व्हया होता ता आधी दिवक व्हया होता. मगे हात जोडून सांगूचा, एकदा माझ्यापरीन घेवा. मी हट केलंय, आणि हट करणाऱ्याचो आवाज कापतत. दीपालीक सांगा, दोन्ही धाडूया. आधी तुमचा, मगे तिचा. दुपारी सुकती आसा."

दुपारी दीपाली बांगड्या काढून गोधड्यांच्या खोपट्यात बसली. मी बाहेर, कोंबडं येऊ नये म्हणून काठी घेऊन. पहिलं रेकॉर्डिंग माझ्या पद्धतीने झालं. दुसऱ्याच्या वेळी आतून आवाज आला, "येतंय गे आये." मी त्या मुलीला सहा वर्षं शिकवलं, पण तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आपा 'परत बोल' म्हणाले नाहीत.

काम दीपालीला मिळालं. कुठल्या नमुन्यावर मिळालं ते आपांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ती मुंबईला गेली, आणि शेवंतीने भावाला कळवून टाकलं की स्थळाचं राहू दे. महिन्याभरानंतर मालिकेचा पहिला तुकडा आपांच्या मोबाईलवर आला. त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही थेट बाजारात गेलो.

शेवंती आमच्याकडे पाठ करून सुरमईचे तुकडे करत होती. समोर गिऱ्हाइकं, हात भरलेले. आपा तिच्या मागे दोन पावलांवर उभे राहिले. काही न सांगता त्यांनी मोबाईल उंच धरला आणि बटण दाबलं. बाजाराच्या गलक्यात तो आवाज तसा बारीकच होता. "येतंय गे आये."

शेवंतीचा कोयता थांबला. मागे न बघताच ती म्हणाली, "गो बाय, कधी इलंस?"

मग ती वळली. मागे दीपाली नव्हती, आम्ही दोघे मोबाईल घेऊन उभे होतो. तिला समजायला क्षणभर लागला, आणि मग माशांच्या हातांनीच तिने तोंडाला पदर लावला. मी आपांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते, टक्क उघडे. ते शेवंतीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

परत आल्यावर मी माझ्या फाटकातून आत शिरलो, ते त्यांच्या. कुंपणापलीकडे त्यांच्या दाराची कडी वाजली. घरात कोणी नाही, हे मला माहीत होतं. तरी आपांनी उंबऱ्यावर उभं राहून, अगदी साध्या आवाजात, आत सांगितलं,

"इलंय गे आये."