पिवळा पट्टा

"आता तू काही म्हणजे काही करायचं नाहीस," रिक्षातून उतरता उतरता हरिभाऊंनी बायकोला बजावलं. "चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, मधलं खाणं, सगळं त्यांनी द्यायचं. आपण बसायचं."

"मी काय केलं? नुसती बॅग उचलली," वासंतीबाई म्हणाल्या.

"ती पण त्यांनीच उचलायची."

वासंतीबाईंनी बॅग खाली ठेवली आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे न कळून पदर नीट केला.

हे सगळं त्यांच्या मुलीचं, ऋजुताचं काम. लग्नाच्या वाढदिवसाला काय हवं, असं तिने पुण्याहून फोनवर विचारलं होतं. वासंतीबाई आधी नेहमीसारखं "काही नको गं" म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "एकदा बसून गरम जेवायचंय. मधे न उठता." एवढंच. त्याच आठवड्यात ऋजुताने रत्नागिरीजवळच्या समुद्रकाठी 'सागरसुख' नावाच्या रिसॉर्टमध्ये दोघांसाठी खोली घेतली. आईबाबांना पालीच्या घरून रिक्षाने जाता येईल, आईला बस लागते, असा तिने विचार केला होता. एका गोष्टीचा विचार तिने केला नव्हता. रिसॉर्टच्या कुंपणाला लागून जी वाडी होती, त्या वाडीत हरिभाऊंची चुलतबहीण विमलताई राहत होती.

बहिणीच्या गावात जायचं आणि पैसे देऊन दुसरीकडे उतरायचं, हे हरिभाऊंच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. एकाने केलं होतं. चिपळूणला काम होतं म्हणून लॉजवर उतरला, तर तिथला मामेभाऊ पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला आला नाही. त्याला पाठवलेला आहेरही त्याने परत केला.

"वन्संना सांगूनच जाऊ या," वासंतीबाई निघण्यापूर्वी म्हणाल्या होत्या.

"सांगितलं की झालं! ती आपल्याला घरी नेणार. तिथे तू काय करणार? तिच्या स्वयंपाकघरात उभी राहणार. विमलताई कधी समुद्रावर येत नाही. वाडीतलं कोणी येत नाही. समुद्रावर फिरायला मुंबईची माणसं येतात."

हे म्हणणं खरं होतं आणि त्यावर त्यांनी भरवसा ठेवला.

ऑफिसात विनीत नावाच्या हसऱ्या मॅनेजरने दोघांच्या मनगटांना एकेक पिवळा पट्टा बांधला. "हा काढायचा नाही. हा दिसला की कोणी काही विचारणार नाही. पाहिजे ते खा, पाहिजे तिथे बसा."

नाश्त्याच्या वेळी वासंतीबाई खुर्चीवर बसल्या खऱ्या, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या ताटातली चटणी संपलेली दिसताच उठल्या. हरिभाऊंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. थोड्या वेळाने त्या पुन्हा उठल्या. कोणाच्या तरी लहान मुलाने दूध सांडलं होतं आणि त्या फडकं शोधत होत्या.

"बस!" हरिभाऊ म्हणाले.

"सवय नाही हो."

"लागेल. दुपारपर्यंत लागेल."

आणि खरोखरच दहाच्या सुमाराला त्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. हरिभाऊंना इतकं बरं वाटलं की त्यांनी ऋजुताने दिलेली फुलाफुलांची अर्धी चड्डी घातली, जी मरेपर्यंत घालणार नाही असं ते म्हणाले होते, आणि माडाखाली शेजारच्या खुर्चीत आडवे झाले.

तेव्हा माडावरून आवाज आला, "कोण? हरिभाऊ काय?"

हरिभाऊंनी वर पाहिलं. नारळ उतरवायला रिसॉर्टने वाडीतला रघू बोलावला होता आणि तो थेट त्यांच्या डोक्यावर होता. हरिभाऊंनी घाईने वर्तमानपत्र तोंडावर घेतलं. पण चड्डी उघडीच राहिली.

रघू सरसर खाली आला. "हरिभाऊच! तुमी हितं कवा आलाव? विमलकाकूंकडं न्हाय गेलाव?"

"जाणार आहे... जायचंच आहे," हरिभाऊ उठून बसले.

रघूने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याची नजर मनगटावर थांबली. मागच्या वर्षी त्याच्या आईला रत्नागिरीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा तिच्या हाताला असाच पट्टा होता. त्याचा आवाज एकदम खाली आला. "काय झाला हरिभाऊ?"

आता 'काही झालं नाही, मजा करायला आलोय' असं सांगता आलं असतं. पण मग विमलताईला तेच कळलं असतं. हरिभाऊंनी हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "हवापालट. डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा घ्या."

"चड्डी पन डॉक्टरांनीच दिली?"

"हो. पायांना हवा लागायला पाहिजे."

"जपा," म्हणून रघू गेला. उरलेले नारळ त्याने काढलेच नाहीत.

"हे काय केलंत?" वासंतीबाई म्हणाल्या.

"मिटवलं. तो आता काही विचारणार नाही."

"तो विचारणार नाही हो. तो सांगेल."

दुपारी जेवणाच्या दालनात हरिभाऊंनी ताट भरलं. भरली वांगी, आंबोळी, मसालेभात, दोन जिलब्या. वासंतीबाईंनी गरम घावन घेतलं, खुर्ची पुढे ओढली, पहिला घास मोडला आणि दारातून हाक आली, "हरी!"

दारात विमलताई उभ्या होत्या. हातात डबा, डोळ्यांत पाणी. मागे त्यांचे यजमान काशीराम, त्यांच्या हातात दोन शहाळी.

हरिभाऊंनी समोरचं ताट एका झटक्यात वासंतीबाईंकडे सरकवलं.

"अरे, मी काय परकी झाले का रे?" विमलताई खुर्चीत बसत म्हणाल्या. "इतका आजारी आहेस आणि मला रघूकडून कळायचं? तो म्हणाला, हरिभाऊंना आता कपडे पण सोसवत नाहीत."

"तसं नाही गं, ताई..."

"बोलू नकोस. श्रम होतील." त्यांनी डबा उघडला. आत पेज होती. "गरम आहे. मीठ कमीच घातलंय. वासंती, चमच्याने भरव त्याला. त्याला हात पण उचलू देऊ नकोस."

वासंतीबाईंनी हातातला घास खाली ठेवला, ताट बाजूला केलं आणि नवऱ्याला पेज भरवू लागल्या. त्यांचं घावन ताटात पडून राहिलं.

"फुंकर मार," विमलताईंनी सांगितलं.

वासंतीबाईंनी फुंकर मारली. फुंकरीत जोर जास्त होता.

काशीरामांनी आजूबाजूला पाहिलं. "दवाखाना झकास आहे," ते म्हणाले. "पेशंट पण जोरात खातायत."

"जेवण झालं की याला खोलीत नेऊन निजवायचं," विमलताई म्हणाल्या. "वासंती, तू पायांना तेल लाव. मी बाकीचं बघते. आणि हे असलं हॉटेलचं खाणं त्याच्या पोटात जाता कामा नये. इथे चूल मिळते का विचार. नाहीतर माझ्याकडे ये, रोज दोन्ही वेळा पेज करून आणत जा. जवळच तर आहे."

वासंतीबाईंचा चमचा हवेतच थांबला. हरिभाऊंनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेज गिळायची विसरले. इतक्या वर्षांत त्यांनी तो चेहरा रागावलेला पाहिला होता, दमलेला पाहिला होता. आता तो नुसता हिरमुसला होता. सणाच्या दिवशी नवा फ्रॉक काढून ठेवायला सांगितलेल्या मुलीसारखा.

"ताई," ते म्हणाले, "मी खोटं बोललो. मला काही झालेलं नाही."

"सगळे आजारी असंच म्हणतात."

"नाही गं. आजारी मी नाहीच."

"मग पट्टा कसला?"

हरिभाऊ तोंड उघडणार, तोच वासंतीबाईंनी चमचा डब्यात ठेवला आणि आपला हात टेबलावर पुढे केला. त्यांच्या मनगटावरही पिवळा पट्टा होता.

"वन्सं, पट्टा मला पण आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही इथे माझ्यासाठी आलोय. ऋजुतानं पाठवलंय. दोन दिवस चुलीजवळ जायचं नाही. वाढायचं नाही, उष्टं काढायचं नाही. बसायचं आणि गरम असतानाच खायचं. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही घरी नेलं असतं. तुम्ही मला काही करू दिलं नसतं, ते मला माहीत आहे. पण मलाच बसून राहवलं नसतं. मीच उठले असते. म्हणून यांना खोटं बोलावं लागलं. माझ्यामुळे."

काशीरामांनी शहाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. हरिभाऊंना मामेभाऊ आणि तो परत आलेला आहेर आठवला.

विमलताईंनी तो पट्टा निरखून पाहिला. मग त्यांनी वासंतीबाईंच्या ताटातल्या घावनाला बोट लावलं.

"गार झालं," त्या म्हणाल्या.

"होतंच."

"माझंपण होतं." विमलताईंनी वळून दालनाकडे पाहिलं. पांढरा डगला घातलेला माणूस तव्यावरून घावन काढून लोकांच्या ताटात टाकत होता. "हा कोण?"

"इथला आचारी. मागाल तितकी घावनं देतो. आपण नुसतं बसायचं."

"आणि जेवणानंतरची भांडी?"

"ती दिसतसुद्धा नाहीत."

विमलताई उठल्या. "हा पट्टा कुठे बांधतात?"

विनीतने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "खोली दोन माणसांची आहे," तो म्हणाला. "ती दोन माणसं कोण, ते तुम्ही ठरवा. मला दोन पट्टे जुळले की झालं."

दोन बायकांनी हरिभाऊंकडे पाहिलं. हरिभाऊंनी हात पुढे केला आणि विनीतने कात्रीने त्यांचा पट्टा कापला.

"अगं पण म्हैस?" काशीराम घाबरून म्हणाले. "संध्याकाळी धार कोण काढणार?"

"तुम्ही."

"ती मला जवळ येऊ देत नाही. ती तुझं पातळ बघून उभी राहते!"

"खुंटीवर आहे पातळ. गुंडाळा. आणि हरीला घेऊन जा. भाऊ गावात आलाय तर त्याने बहिणीच्याच घरी उतरायला हवं. लोक काय म्हणतील?"

हे तर हरिभाऊंचंच मत होतं.

संध्याकाळी वाडीतल्या लोकांनी विमलताईंच्या गोठ्यात एक विचित्र प्रकार पाहिला. काशीराम बायकोचं पातळ नेसून म्हशीला चुचकारत होते. म्हैस त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती, ती फुलाफुलांच्या चड्डीकडे बघत होती. शेवटी पातळ हरिभाऊंनी चड्डीवरून गुंडाळलं आणि म्हशीने काय विचार केला कोण जाणे, पण दूध दिलं. कुंपणापलीकडून रघू म्हणाला, "हवापालट मानवला हरिभाऊंना."

चहा करताना दोघांनी दूध उतू घालवलं. साखरेचा डबा सापडला नाही. काशीराम म्हणाले, "तो कुठे असतो हे मी तिला कधी विचारलंच नाही." मग हरिभाऊंनी आपल्या घरातला साखरेचा डबा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि त्यांना तोही आठवेना.

"विचारून येतो," ते म्हणाले आणि अंधार पडायच्या आत पुळणीवरून, वाळू तुडवत, रिसॉर्टकडे निघाले.

फाटकावर रखवालदाराने त्यांना अडवलं. "काका, पट्टा?"

हरिभाऊंनी रिकामं मनगट दाखवलं. तिथूनच त्यांना समुद्राकडच्या टेबलाशी बसलेली वासंती दिसली. विमलताई बहुतेक दुसरं काही आणायला गेल्या होत्या. वासंती एकटीच जेवत होती. आचाऱ्याने ताटात नवं घावन टाकलं तशी तिने त्याची वाफ जाऊ दिली नाही, लगेच मोडलं. ती सावकाश खात होती. मान वर करून कोणाला काय हवं ते बघत नव्हती. एक घास संपल्यावर दुसरा घेण्याआधी ती चक्क समुद्राकडे बघायची. खोबऱ्याचा रस तिने बोटाने पुसून चाटला.

ती इतकी सावकाश जेवते हे हरिभाऊंना माहीत नव्हतं. ती बसायची तेव्हा ते हात धुऊन बाहेर ओटीवर गेलेले असायचे.

"कोणाला बोलवू का?" रखवालदाराने विचारलं. "काय काम होतं?"

हरिभाऊ साखरेचं विसरून गेले होते.

"काही नाही," ते म्हणाले. "बायको जेवतेय. जरा बघू दे."