शांतवनकाकांची डबल बेल

माझ्या नावापुढे आज बी. ए., बी. एड. लागतं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे उपकार मानायचे तर खूप जणांचे आहेत. आईवडील आहेत, शिक्षक आहेत. पण सगळ्यांत जास्त उपकार शांतवनकाकांचे. हे निवृत्त एसटी कंडक्टर. चिंचपाड्याच्या पुढच्या एका लहान गावात राहतात. त्यांच्या भिंतीवर तीन-तीन कॅलेंडरं टांगलेली असतात आणि तरीही त्यांना तारीख सांगता येत नाही.

तारीख विचारली की काका रविवार सांगतात. म्हणजे त्या रविवारी चर्चमध्ये शास्त्रातला जो भाग वाचला गेला, तो.

"काका, गॅसवाला कधी येऊन गेला?"

"हरवेल मेंढराना आठवडामा."

एकदा खोकला झाला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून आहे, बाबा?" काका म्हणाले, "योना मासाना पोटमा व्हता ना, तवयपासून." डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "साहेब, तीन आठवडे झाले."

मी काकांच्या मंडळीतला नाही. आमच्या पाड्यावर देवमोगरा मातेला मानतात. ख्रिस्ती लोकांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. काकांनी मला ते वर्ष एसटीच्या भाषेत शिकवलं. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. "गाडी आगारमाईन निंघनी. पाटी लावा, काचा पुसा." नाताळ हा पहिला मोठा थांबा, तिथे गर्दी. मग उपवासकाळ. "हाऊ आपला चरणमाळना घाट. पहिला गिअर. कोणी बडबड करानी नही." ईस्टरला घाटमाथा, खिडकीतून गार वारा. त्यानंतर भातलावणीपासून दिवाळीच्या पुढपर्यंत नुसते साधे रविवार. त्याला काका 'लांब पल्ला' म्हणत. "सण नही, सुट्टी नही. आठेच समजस कोण खरा पाशिंजर शे ते."

आणि या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा एक सिद्धांत होता. तो मी शेकडो वेळा ऐकला आहे. "रविवारले वचन गाडीमा चढस. शनवारलोंग आपला शेजारे बठस. त्याले मधमाच उतारानं नही."

मी त्यांच्या गाडीत कसा चढलो ते सांगतो. एफ. वाय. ची परीक्षा होती. नवापूरहून येणारी शेवटची गाडी काकांच्या गावापर्यंतच यायची. पुढे आमचा पाडा, डोंगराची पायवाट. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर. मी उतरलो आणि चालायला लागणार, तोच एका धिप्पाड म्हाताऱ्याने माझा दंड धरला.

"कोठे चालना?"

"पाड्यावर."

"आज मी तुले जाऊ देस नही. जेवानं, झोपानं, सकाळनी गाडीवर बठानं."

"पण का?"

"या आठवडानं वाचनच तसं शे. मी काय करू?"

मला वाटलं, म्हातारा जरा हललेला आहे. पण पोटात भूक होती आणि दंड सुटत नव्हता. नागलीची भाकर आणि तुरीची डाळ समोर ठेवून काकांनी मला ते वाचन सांगितलं. येशूला क्रुसावर मारल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन शिष्य अम्माऊस नावाच्या गावाकडे खाली मान घालून चाललेले असतात. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत चालू लागतो. तो पुन्हा जिवंत झालेला येशूच असतो, पण त्यांना ओळख पटत नाही. गाव येतं, तो पुढे निघतो. हे दोघं म्हणतात, सांज झाली, आता कुठे जातोस, आमच्याकडेच थांब. तो थांबतो. जेवायला बसल्यावर भाकर मोडतो, तेव्हा हे ओळखतात. आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो.

"म्हणून या आठवडामा शेवटनी गाडीवरना एक तरी माणूस मी घर लयीच येस," काका म्हणाले. "तू एकलाच उतरना. मन्हा काय दोष?"

मी एका रात्रीपुरता थांबलो होतो. परीक्षा संपेपर्यंत राहिलो. मग कॉलेज संपेपर्यंत राहिलो. काकांनी मला कधी धर्म विचारला नाही, भाडं विचारलं नाही. विचारलं ते एकच. "शनवारले ऐकशी का?"

कारण रविवारचं वाचन काकांकडे होतं आणि शनिवारी त्याची तालीम चाले. घरात अहिराणी बोलणारा हा माणूस पुस्तक उघडलं की खणखणीत शुद्ध मराठी वाचायचा. आम्ही घरी आमची बोली बोलणारे. मराठी ही शाळेत गेल्यावर अंगात घालायची भाषा, गणवेशासारखी. ती अंगाला बसली काकांच्या शनिवारांमुळे. आज मी मराठीच शिकवतो.

तर वचन शनिवारपर्यंत शेजारी बसवायचं, म्हणजे आठवडाभर तसं वागायचं. 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' हे वाचन आलं की त्या आठवड्यात डाळ इतकी खारट की तोंडात धरवत नसे. न्यायाधीशाच्या दारात रोज जाऊन त्याला भंडावणाऱ्या विधवेची गोष्ट आली, की काका गावातल्या कुणाचं तरी अडलेलं काम शोधून तालुक्याच्या कचेरीत रोज जाऊन बसत. तिथला शिपाई मला एकदा कळवळून म्हणाला, "दादा, ती विधवा वर्षातून कितीदा येते हो?"

जक्कयाचा आठवडा तर गावाच्या अजून लक्षात आहे. जक्कय हा बुटका जकातदार. येशू दिसावा म्हणून तो उंबराच्या झाडावर चढतो, येशू त्याला खालून हाक मारतो, आणि त्याच्या घरी जेवायला जातो. काका बुटके नाहीत आणि येशू काही आमच्या गावावरून जाणार नव्हता. तरी सोमवारी सकाळी काका चर्चमागच्या उंबरावर.

खाली माणसं जमली. शेजारच्या जयवंतीमावशी कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, "ओ कंडक्टर, हाडे मोडतीन! मंग मालेच गरम पाणीना शेक देवा लागी!" कुणी शिडीसाठी वायरमनला बोलावलं. वायरमन आधीच कातावलेला. शिडी तो काम चाललेल्या खांबालाच टेकवून आला होता, ती आणायला परत जायचं त्याच्या जिवावर आलं. तो वर बघून म्हणाला, "काका, शिडी-बिडी काही नाही. मुकाट्याने उतरा आणि तुमच्या घरी नेऊन मला चहा पाजा."

काका सरसर उतरले. पंधरा मिनिटं ज्याला फांदी सोडवत नव्हती तो माणूस, वायरमनच्या खांद्यावर हात टाकून घरी निघालासुद्धा. आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो.

आता खरी अडचण सांगतो. चर्चमध्ये वाचताना काका मध्येच थांबत. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला चोरांनी लुटलं, इथवर आले की चष्मा वर करून म्हणत, "उताराचा रस्ता आहे. एकट्याने निघायला नको होतं." पौल या प्रेषिताचा जहाजाचा प्रवास आला की प्रत्येक बंदराला दम घेत, जणू कुणी उतरायचं राहिलंय. आणि वाचन संपलं की वाचनाच्या उभ्या मेजावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकत. टक, टक. एसटीत गाडी सोडायला कंडक्टर दोनदा घंटी मारतो ना, डबल बेल, ती. त्यावर सगळी मंडळी गीताला उभी राहत असे.

यात उपासना लांबायची. दुपारची गाडी चुकलेले लोक कुरकुरायचे. चर्चला नवे पाळकसाहेब आले, तरुण आणि मऊ बोलणारे. त्यांनी ठरवलं की वाचन आता पाळीपाळीने सगळ्यांनी करायचं. तरुणांना, बायकांना, सगळ्यांना संधी. काकांना वर्षातला एक रविवार, त्यांच्या पसंतीचा.

पाळकसाहेबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी काका पुस्तक न उघडताच ओट्यावर येऊन बसले. मला नुकतीच शहाद्याकडे नोकरी लागली होती. जूनमध्ये मी जाणार होतो. शनिवारची तालीम गेली आणि तालीम ऐकणाराही चालला, तर या माणसाच्या शेजारी आठवडाभर बसायला कोण राहणार, हा विचार माझ्या मनातून जाईना.

शेवटी काकाच म्हणाले, "चांगलंच शे. कंडक्टर बदली व्हयना तरी गाडी चालस."

पुढच्या रविवारी पहिली पाळी जयवंतीमावशींच्या सुनेची होती. पोरगी सुरेख वाचून गेली, कुठे अडखळली नाही. पुस्तक मिटलं. जागेवर जाऊन बसली.

आणि कुणी उभंच राहिलं नाही.

पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर, पण भाता हलेना. पाळकसाहेबांनी खाकरून पाहिलं. म्हातारे समोर बघत बसलेले. एका लहान मुलीने आईला विचारलं, "संपलं नही का?" आई म्हणाली, "थांब, अजून व्हयनं नही." तीस-चाळीस माणसं सुटायच्या गाडीत बसल्यासारखी बसून होती. हळूहळू सगळ्यांच्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. काका तिथे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. कपाळावर घाम होता. हात बाहेर येऊ नयेत म्हणून त्यांनी त्यांवर सगळं वजन टाकलं होतं, हे मला बाजूच्या बाकावरून दिसत होतं.

मागून जयवंतीमावशींचा आवाज आला, "मारा ना ओ कंडक्टर! डाळ जळी ऱ्हायनी मन्ही घरमा!"

काकांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी हसू दाबत मान हलवली. काकांनी एक हात सोडवून बाकावर ठोकलं. टक, टक. सगळं चर्च एकदम उभं राहिलं.

उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, "काका, वाचन पाळीपाळीने. पण डबल बेल तुमच्याकडेच राहू द्या." मग विचारलं, "आणि तुमचा रविवार कोणता लिहू? नाताळ? ईस्टर?"

"अम्माऊसना," काका म्हणाले.

पाळकसाहेबांना आश्चर्य वाटलं. तो रविवार ईस्टरनंतरचा. लग्नसराई जोरात असते, अर्धी मंडळी गुजरातेत वऱ्हाडाला गेलेली असते, बाकं रिकामी. घरी येताना मी म्हणालो, "काका, एकच रविवार मिळाला, तर गर्दीचा तरी घ्यायचा."

काका थोडं चालले. मग थांबले.

"तीस वरीस मी मुक्कामनी गाडीवर व्हतू," ते म्हणाले. "दिन मावळना का गाडी एखादा पाडावर उभी. मी, डायव्हर, आनि अंधार. पण एक बी रात उपाशी झोपनू नही. कोणी ना कोणी सांगेच, कंडक्टर, थांब, जेवीसन जा. आनि आठे घर तुन्ही रूथकाकू एकलीच जेवे. तिले कोणी सांगं नही. मी रिटायर व्हयनू, म्हटलं आते दोन्ही संगे बठू. त्याच सालले ती गई."

काकांच्या बायकोचा, रूथकाकूंचा फोटो मी रोज पाहत आलो होतो. त्यापलीकडे काकांनी त्यांच्याविषयी कधी काही सांगितलं नव्हतं.

"त्या वाचनमा लोकेस्ले नवल वाटस, तो पाव्हना जेवता जेवता गायब कसा व्हयना," काका म्हणाले. "मले त्यानं काहीच नवल वाटत नही. माणसं गायब व्हतसच. मले नवल वाटस, त्या दोन्हीस्नी थांब सांगं, आनि तो थांबना कसा."

आणि मग माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, "चाल पाशिंजर, भूक लागनी."

मी जूनमध्ये नोकरीवर गेलो. फोन करतो, पण काकांना तो चालत नाही. "पौलनी फोन करा असता तर आपण आज काय वाचतू?" असं त्यांचं म्हणणं; बायबलात पौलाची पत्रंच तर वाचतात. पत्र पाठवलं की ते ओट्यावर उभे राहून मोठ्याने वाचतात, अर्धी आळी ऐकते, आणि शेवटी ओट्याच्या खांबावर टक-टक होते. अम्माऊसचा त्यांचा रविवार जवळ आला, तेव्हा मी पाठवलेलं पत्र हे.

शांतवनकाकांस,

शहाद्याहून तुमच्या पाशिंजरचा सलाम. मी बरा आहे. इथे सगळीकडे केळी आणि ऊस, डोंगर लांब दिसतो. वर्गात वाचताना मी मधेच थांबतो, अशी मुलांची तक्रार आहे. कोणाकडून लागलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

पाळकसाहेबांना सलाम. वायरमनदादाला सलाम, उंबराकडे लक्ष असू द्या म्हणावं. जयवंतीमावशींना सलाम, मावशी, तुम्ही हे ऐकत उभ्या आहात हे मला माहीत आहे, आधी गॅस बंद करून या.

काका, तुमच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या गाडीने उतरतो आहे. तालीम ऐकायची आहे. स्टँडवर दुसऱ्या कुणाचा दंड धरलात तर त्यालाही घरी आणा, पण माझी भाकर टाका. मुलांचे पेपर तपासायचे बाकी आहेत, गठ्ठा घेऊनच येतो. तुमच्याच ओट्यावर बसून तपासीन, म्हणजे एका रात्रीपुरता येत नाही.

पहिल्या वेळी तुम्ही मला थांब म्हणालात. या वेळी म्हणायची गरज नाही. आणि जेवण झाल्यावर मी गायब होणार नाही. भांडी मी घासतो.

तुमचा,
पाशिंजर